ट्रॅव्हलरच्या टपावरचं सोलर: तीन मुक्कामांचा हिशेब

गुरुजी, नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही निपाणीचे, शाळेतून निवृत्त. जुनी फोर्स ट्रॅव्हलर घेतली आहे आणि कोल्हापुरात तिच्या आत बिछाने, ओटा, बेसिन बसवायचं काम चालू आहे. अजून आतून प्लाय मारलेला नाही. तुम्ही दोघं आणि सुट्टीत नातवंडं. मुक्काम तीन ठिकाणचे डोक्यात आहेत: एप्रिलमध्ये हिडकलचं बॅकवॉटर, माघी पौर्णिमेला सौंदत्तीचा यल्लम्माचा डोंगर आणि जुलैत जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस. प्रत्येक ठिकाणी तीन रात्री, कुणाच्याही घरातून वायर न ओढता. रात्री झोपताना तुम्हाला सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा देणारं) लागतं. दुकानदारानं ५४० वॅटची दोन पॅनेल, १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर बॅटऱ्या (घरच्या इन्व्हर्टरच्या, अॅसिडवाल्या), घरगुती २ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि टपावर एक टनाचा एसी असं कोटेशन दिलंय, वर ‘रात्रभर एसी चालतो’ असंही सांगितलंय.

माझं मत सरळ सांगतो. पॅनेल बरोबर आहेत, टपावर बसली तर. ट्युब्युलर बॅटऱ्या राहत्या गाडीत नकोत. घरगुती इन्व्हर्टर नको. आणि रात्रभराचा एसी या सामानावर चालणार नाही, त्याचा हिशेबच बसत नाही.

हिशेब युनिटमध्ये करू, घरच्या बिलावर असतं तेच युनिट. बॅटरीचे व्होल्ट गुणिले एएच भागिले १००० केलं की युनिट मिळतं. १२ व्होल्ट, १५० एएचची एक ट्युब्युलर म्हणजे १.८ युनिट, दोन मिळून ३.६. खरं ट्युब्युलर रोज निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून हाताशी येतात ती १.८ युनिट. एक टनाचा चांगला इन्व्हर्टर एसी रात्री स्थिरावल्यावर तासाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. म्हणजे दहाला लावला तर एकच्या सुमारास बॅटरी संपली. त्यानंतर फ्रिजही बंद आणि तुमचं सीपॅपही बंद. नुसती एसीची रात्र काढायची तर चार-पाच युनिट बाजूला ठेवावी लागतात, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भरावी लागतात.

शिवाय आपल्या भागात रात्रीच्या एसीची गरज किती? बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आहे. एप्रिलमध्येसुद्धा मध्यरात्रीनंतर हवा उतरते. हिडकलला पाण्याकाठी तर पहाटे चादर शोधावी लागते. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, टपावर एक एक्झॉस्ट आणि बिछान्यावर दोन डीसी (थेट बॅटरीवर चालणारे) पंखे, एवढ्यावर रात्र चांगली जाते. एसी ठेवायचाच असेल तर दुपारी जेवणानंतर दोन-तीन तासांसाठी ठेवा. तेव्हा पॅनेल जोरात चालू असतात आणि एसी थेट उन्हावरच चालतो.

आता तुमची खरी गरज. माघी पौर्णिमेच्या दिवसांत सौंदत्तीला एका दिवसरात्रीचा खर्च असा धरा. ५० लिटरचा कॉम्प्रेसरवाला डीसी फ्रिज सुमारे ५५० वॅट-तास (हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). दोन डीसी पंखे २० वॅटचे, नऊ तास, म्हणजे ३६०. दिवे सगळे मिळून सव्वाशे. सीपॅप २४०. मोबाईल आणि टॅब ८०. छोटा टीव्ही दोन तास, ६०. पाण्याचा पंप दिवसभरात वीस मिनिटं, २०. मिक्सर चार मिनिटं, ३०-३५. इन्व्हर्टर फक्त लागेल तेव्हा, दिवसातून तीन तास चालू ठेवला तर त्याचा स्वतःचा खर्च ६०. बेरीज दीड युनिटच्या आसपास. वायरिंग, चार्जिंग यातला तोटा धरून १.८ युनिट समजा. जत्रेत यात थोडी भर घाला. डोंगरावर गाडीत दिवा दिसला की शेजारच्या टेम्पोतली, बैलगाडीतली माणसं मोबाईल घेऊन येतात आणि परड्या भरायला आलेल्या आयाबायांना आपण नाही म्हणत नाही. दहा-पंधरा मोबाईल म्हणजे फार तर पाव युनिट. ते आधीच धरून चाललं की मन मोठं ठेवता येतं.

त्या यादीत दोन जागा अशा आहेत जिथं लोकांचा हिशेब हमखास फसतो. पहिली म्हणजे इन्व्हर्टरचा रिकामा खर्च. काहीही जोडलेलं नसताना नुसता चालू असलेला २ केव्हीएचा इन्व्हर्टर १५ ते २५ वॅट पीत बसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्याचा खर्च आणखी जास्त. २० वॅट चोवीस तास म्हणजे जवळजवळ अर्धं युनिट, तुमच्या फ्रिजएवढं. म्हणून फ्रिज, पंखे, दिवे, पंप, मोबाईल आणि सीपॅप ही सगळी मंडळी डीसीवर ठेवा. इन्व्हर्टर फक्त मिक्सर, टीव्ही, एसी आणि इंडक्शनसाठी, आणि त्याचा स्विच बिछान्याजवळ हाताशी हवा.

दुसरी जागा फ्रिज. बाजारात गाडीचा फ्रिज म्हणून ज्या स्वस्त पेट्या मिळतात त्यांत कॉम्प्रेसर नसतो. त्या ५०-६० वॅट अखंड खातात आणि एप्रिलमध्ये दूधही धड थंड ठेवत नाहीत. कॉम्प्रेसरवालाच घ्या, १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालणारा. सुताराला सांगा की फ्रिजच्या मागे खालून हवा आत येईल आणि वरून बाहेर जाईल अशी जाळी ठेव. प्लायमध्ये चपखल कोंबलेला फ्रिज आपलीच गरम हवा पुन्हा ओढतो, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि खर्च दीडपट होतो. सुताराला चपखल बसवण्याची हौस असते, तेव्हा स्वतः उभं राहून ती फट सोडवून घ्या.

सीपॅपबद्दल वेगळं सांगतो, कारण तो आरोग्याचा विषय आहे. मशीनच्या कंपनीचा २४ व्होल्टचा डीसी अडॅप्टर मिळतो का बघा. मिळाला तर इन्व्हर्टर बंद ठेवून मशीन रात्रभर चालतं. त्यातला पाणी तापवणारा ह्युमिडिफायर आणि गरम नळी चालू असेल तर खर्च सहज दुप्पट होतो. ती बंद ठेवली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि या एका मशीनसाठी वेगळा फ्यूज आणि वेगळी वायर थेट मुख्य डीसी पट्टीवरून ओढून घ्या. रात्री पंप अडकून त्याचा फ्यूज गेला म्हणून तुमचा श्वास अडायला नको.

पॅनेलकडं येतो. बेळगाव १५.८ अक्षांशावर आहे. मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरातही दुपारी तो ५० अंशांवर असतोच. त्यामुळं टपावर आडवी झोपवलेली पॅनेल आपल्याकडं बऱ्यापैकी काम करतात. पॅनेल उचलून तिरकी करायची खिटी बसवून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. हिवाळ्यात थोडा फायदा होतो, पण सौंदत्तीच्या डोंगरावर वारा किती असतो ते तिथल्या पवनचक्क्या सांगतात. त्या वाऱ्यात उचललेलं पॅनेल ही जोखीम आहे. आपल्याकडं घड्याळाच्या बाराला नव्हे, साडेबाराच्या आसपास सूर्य माथ्यावर येतो. म्हणून जड कामं, म्हणजे इंडक्शनवरचा भात, मिक्सर, एसी, ही अकरा ते तीन या वेळात बसवा.

१०८० वॅटची पॅनेल आहेत म्हणून १०८० वॅट कधी दिसणार नाहीत. एप्रिलमध्ये तापलेल्या पत्र्यावर पॅनेलचं अंग ६५ अंशांपर्यंत जातं आणि दर अंशाला त्याची ताकद साधारण ०.३५ टक्क्यानं उतरते. गरमी, धूळ, आडवेपणा, कंट्रोलरचा (पॅनेलची वीज बॅटरीला जुळवून देणाऱ्या डब्याचा) तोटा सगळं धरून मी ७० टक्केच मोजतो. माघात पाच तासांचं भरीव, म्हणजे पॅनेल पूर्ण जोरात चालेल असं, ऊन धरलं तर १०८० गुणिले ०.७ गुणिले ५, म्हणजे दिवसाला पावणेचार युनिट. खर्च १.८. सौंदत्तीत तुम्ही निवांत. एप्रिलमध्ये हिडकलला ऊन सहा तासांचं, हातात चार युनिटच्या वर. फ्रिज आणि पंख्यांचा वाढीव खर्च धरून सव्वादोन जातील. उरलेल्या दोन युनिटांत दुपारचा एसी अडीच-तीन तास चालतो.

जांबोटी-कणकुंबीचा प्रश्न वेगळाच आहे. एकाच जिल्ह्यात अथणी-रायबागकडं पावसाची वाट बघतात आणि खानापूरच्या पश्चिमेला, मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला जुलैत आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. तिथं मी दिवसाचं ऊन दोन तासांचं धरतो, घनदाट ढगाच्या दिवशी एक तासाचं. म्हणजे तीच पॅनेल दीड युनिट देतील, नाहीतर पाऊणच. झाडाखाली गाडी लावली तर त्याहून कमी. खर्चही तिथं कमी होतो, कारण पंखे लागत नाहीत आणि फ्रिज ३५० वर येतो. सव्वा ते दीड युनिट धरा. स्वयंपाक पूर्ण गॅसवर. तरी रोज अर्ध्या ते एक युनिटाची तूट येणार आणि तीन रात्रींची तूट तीन युनिटांपर्यंत जाणार. ही तूट पॅनेल वाढवून भरायची तर दुप्पट पॅनेल लागतील आणि टपावर तेवढी जागा नाही. ती बॅटरीतून भरते. म्हणून तुमच्या बॅटरीचं माप सौंदत्ती किंवा हिडकल बघून ठरवायचं नाही, जांबोटीची तिसरी रात्र बघून ठरवायचं.

त्या हिशेबानं २४ व्होल्टची, २०० एएचची लिथियम बॅटरी घ्या, एलएफपी जातीची, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. २५.६ गुणिले २०० म्हणजे ५.१ युनिट आणि त्यातली साडेचार बिनधास्त वापरता येतात. जांबोटीच्या तीन रात्री त्यात बसतात आणि वर थोडं शिल्लक राहतं. १२ व्होल्टच्या दोन जोडण्यापेक्षा एकच २४ व्होल्टचा पॅक घ्या. दोन वेगळ्या बीएमएसच्या (बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं, तिला जपणारं सर्किट) बॅटऱ्या एकापुढं एक जोडल्या की काही महिन्यांत एक भरलेली आणि एक अर्धी असा प्रकार सुरू होतो आणि मग वेगळा बॅलन्सर लावावा लागतो.

ट्युब्युलर का नको, तेही सांगतो. अॅसिड भरलेल्या दोन बॅटऱ्यांचं वजन ११० किलोच्या घरात जातं, हा लिथियमचा पॅक साधारण ५० किलोचा. ट्युब्युलर चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि तुम्ही त्याच खोलीत झोपणार, शेजारी गॅस पेटणार. चोर्ल्याच्या रस्त्यावर अॅसिड हिंदकळून बाहेर येतं आणि पत्रा खातं. तिचं शेवटचं २० टक्के चार्जिंग फार हळू होतं, तोवर ऊन उतरतं. रोज अर्धवट भरलेली ट्युब्युलर आतून सल्फेट धरते आणि जांबोटीच्या ढगात ती नेमकी अर्धवटच भरणार. घराच्या ओट्याखाली ती उत्तम बॅटरी आहे. माझ्याही घरात आहे. गाडीत नको.

लिथियमला आपल्याकडं थंडीचा त्रास नाही, उन्हाचा आहे. बंद करून उन्हात उभी केलेली ट्रॅव्हलर एप्रिलमध्ये आतून ५० अंशांच्या पुढं तापते. बहुतेक पॅकचं चार्जिंग ४५ ते ५५ अंशांच्या दरम्यान बीएमएस थांबवतं. ऊन भरपूर आणि बॅटरी भरत नाही, अशी तक्रार तेव्हा येते. बॅटरी इंजिनापासून लांब, जमिनीला धरून, दोन्ही अॅक्सलच्या मध्ये ठेवा. तिच्या खोक्याला दोन बाजूंनी हवा हवी. नुसती पट्टी आवळून भागत नाही, चासीला बोल्ट झालेल्या फ्रेममध्ये ती जखडलेली हवी. अचानक ब्रेक लागला तर ५० किलोची वस्तू पुढच्या सीटवर येते. आणि गाडी महिनाभर निपाणीत दारात उभी राहणार असेल तर टपावरचं सोलर बंद करून बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवा. कायम शंभर टक्क्यांवर, तेही उन्हात, हे लिथियमला मानवत नाही.

२४ व्होल्ट का, १२ का नाही? २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर १८५ अँपिअरच्या आसपास ओढतो, २४ वर निम्मे. १२ व्होल्टला ७० स्क्वेअर एमएमची केबल लागते, २४ ला ३५ ची पुरते, ती दीड मीटरच्या आत ठेवायची. तेवढ्यानं सांधे गरम होण्याचा धोका बराच कमी होतो. पंखा-पंप १२ व्होल्टचे असतील तर एक छोटा २४ ते १२ कन्व्हर्टर लावून भागतं.

इथं जरा थांबून केबलबद्दल बोलतो, कारण गाड्या जळतात त्या इथून. बाजारात तांब्याच्या नावाखाली वरून तांब्याचा मुलामा आणि आतून अॅल्युमिनियम अशी केबल सर्रास मिळते. एक तार सोडवून ब्लेडनं खरवडा, आत पांढरं दिसलं तर परत करा. थिंबल (केबलच्या टोकाला बसणारी धातूची टोपी) हातोडीनं ठोकून किंवा पक्कडीनं दाबून चालत नाही. हायड्रॉलिक क्रिंपरनं षटकोनी दाब बसला पाहिजे. दाबल्यावर तुमच्या ताकदीनं ओढून बघा. थिंबल जागचं हललं नाही पाहिजे आणि वर गोंदवाली हीटश्रिंक चढवली पाहिजे. बेळगावला उद्यमबागमध्ये हे काम नीट करून देणारे पुष्कळ आहेत. कोल्हापुरात तुमच्या वर्कशॉपला जमत नसेल तर केबलची लांबी मोजून आणा आणि थिंबल मारून घेऊन जा. इन्व्हर्टर लावल्यावर अर्धा तास इंडक्शन पूर्ण जोरात चालवा आणि प्रत्येक सांध्याला हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. बाकी केबलपेक्षा एखादा सांधा गरम लागला तर तो पुन्हा करायचा. पहिल्या हजार किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळायचे. आपल्या रस्त्यांवर ते सैल होतातच.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर हवा, लांब नको. लिथियमचा शॉर्ट झाला तर क्षणात हजारो अँपिअर वाहतात आणि साधा फ्यूज तो प्रवाह तोडू शकत नाही, त्यात ठिणगी चालूच राहते. क्लास टी जातीचा १२५ अँपिअरचा फ्यूज मागवा. इतर सगळ्या सामानात काटकसर करा, यात करू नका. तसंच घरातल्या एसी विजेचे (इथं एसी म्हणजे घरच्या लाईनची वीज, थंड हवेचं मशीन नव्हे) एमसीबी ब्रेकर बॅटरीच्या डीसीवर वापरू नका. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते, डीसीचा येत नाही. डीसी लिहिलेला, योग्य व्होल्टचाच ब्रेकर हवा.

पॅनेलची जोडणी टपाच्या मापावर अवलंबून आहे. ५४० वॅटचं पॅनेल साधारण २.२८ मीटर लांब, १.१३ रुंद आणि २८ किलोचं असतं. आडवं बसत नाही, टपाबाहेर येतं. लांबीत एकामागं एक लावायची तर ४.६ मीटर मोकळा, सरळ टप लागतो आणि एसी बसवला की तेवढा उरतो की नाही हीच शंका आहे. उरला तर दोन्ही पॅनेल पॅरलल जोडा, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस. त्यांचं कामाचं व्होल्टेज ४१ च्या आसपास, उन्हात ३६ पर्यंत उतरलं तरी २४ व्होल्टची बॅटरी भरते. शिवाय एकावर सावली पडली तरी दुसरं काम करतं. सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढं एक जोडली तर दोघांचं उघडं (काही भार नसतानाचं) व्होल्टेज ९९ होतं. जानेवारीच्या पहाटे बारा अंशांत ते १०२ च्या पुढं जातं आणि १०० व्होल्टचा कंट्रोलर त्या पहिल्या उन्हात जातो. हा प्रकार लोकांच्या लक्षात येत नाही, कारण दुपारी मोजलं तर सगळं ठीक दिसतं. कंट्रोलर एमपीपीटी जातीचाच घ्या, म्हणजे पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, ५० अँपिअरचा आणि १५० व्होल्टचा.

टप पुरत नसेल तर ४०० वॅटची तीन आडवी बसतात का बघा. ती १.७२ मीटर लांब असतात, आडवी लावली की लांबीत फक्त ३.४ मीटर जातात आणि १२०० वॅट मिळतात. मात्र ही पॅरलल जोडायची नाहीत. त्यांचं व्होल्टेज ३१ च्या आसपास असतं, तापल्यावर २७ वर येतं आणि बॅटरीला भरायला २८.४ लागतात. भर दुपारी चार्जिंग बंद पडेल. ही तिन्ही सिरीजमध्येच, १५० व्होल्टच्या कंट्रोलरवर.

पॅनेल टपाच्या पत्र्यावर नको, आतल्या फ्रेमच्या पट्ट्यांवर बोल्ट करा, नायलॉक नटनं, आणि प्रत्येक भोकाला पॉलियुरेथेन सीलंट. खाली किमान चार-पाच सेंटिमीटर हवा खेळू द्या. चिकटवायची लवचिक पॅनेल घेऊ नका, ती पत्र्याबरोबर तापतात आणि लवकर मरतात. एसी टपाच्या मागच्या बाजूला आणि पॅनेल पुढं असतील तर हिवाळ्यात गाडीचं तोंड दक्षिणेला करून लावा, म्हणजे एसीची सावली पॅनेलवर पडत नाही. नवीन उंची मोजून ड्रायव्हरसमोर लिहून ठेवा. आपल्याकडचे रेल्वेखालचे बोगदे आणि रस्त्यावरच्या वडाच्या पारंब्या दोन्ही खाली असतात.

ऊसपट्ट्यातली एक गोष्ट बाहेरच्या पुस्तकांत सापडणार नाही. गळीत हंगामात निपाणी, चिकोडी, रायबाग, गोकाककडं कारखान्याची काजळी आणि पाचट जाळल्याची राख पॅनेलवर बसते. ती धुळीसारखी वाऱ्यानं उडत नाही, दवानं चिकटते. हंगामात आठवड्याला पॅनेल पुसा, सकाळी गार असताना, मऊ फडक्यानं. तापलेल्या काचेवर पाणी मारू नका. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरे डाग धरतात, म्हणून शेवटचा हात साध्या गोड्या पाण्याचा फिरवा.

गाडी चालताना बॅटरी भरायची सोय नक्की करा, जांबोटीसाठी ती पॅनेलपेक्षा महत्त्वाची आहे. मात्र गाडीच्या अल्टरनेटरवरून थेट वायर नको. लिथियम मिळेल तेवढं ओढते, घाट चढताना हळू फिरणारा अल्टरनेटर तापून जळतो. मध्ये १२ ते २४ चा डीसी-डीसी चार्जर लावा, २४ व्होल्टच्या बाजूला १५ अँपिअरचा. तासाला ०.४ युनिट मिळतं. निपाणीहून कणकुंबीला पोचेपर्यंत तीन तासांत युनिटभर भरून झालेलं असतं.

घरगुती इन्व्हर्टर नको म्हणालो त्याचं कारण रिकामा खर्च एवढंच नाही. त्याचं चार्जिंग ट्युब्युलरच्या व्होल्टेजला बेतलेलं असतं. आठ सेलच्या एलएफपीला २९.२ च्या पुढं नेलं की बीएमएस झटक्यात तोडतं. २४ व्होल्टचा, २००० वॅटचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या आणि वेगळा लिथियम चार्जर ठेवा.

तुम्हाला वायर ओढायचीच नाही म्हणता, तरी कधीतरी पाहुण्यांच्या मळ्यात मोटरच्या शेडमधून ओढायची वेळ येईल. जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. शेडमध्ये तीन फेज असतात, न्यूट्रल समजून दुसरा फेज धरला तर ४०० व्होल्टच्या वर येतात आणि चार्जर, एसी एका सेकंदात जातात. लाईनच्या टोकाला संध्याकाळी व्होल्टेज पार खाली बसतं. १८० च्या खाली असेल तर जोडू नका. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच आणि चासीला अर्थिंग हवं. नातवंडं ओल्या पायांनी पत्र्याच्या पायरीवर उभी राहणार आहेत.

पेट्रोलचा छोटा जनरेटर पावसाळ्यासाठी ठेवायचा विचार असेल तर तो गाडीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला. बंद खिडक्यांत कार्बन मोनॉक्साइड वासाशिवाय साठतो. गॅसची शेगडी आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म जनरेटर नसला तरी बसवाच. वळिवाच्या दिवसांत, एप्रिल-मेच्या संध्याकाळी, ढग गडगडायला लागले की उघड्या माळावरून किंवा गडाच्या माथ्यावरून गाडी खाली आणा. सोलरच्या लाईनला सर्ज अरेस्टर लावा, पण विजेपुढं त्याच्या भरवशावर राहू नका.

कागदाचंही बघा. प्रवासी गाडीची मोटर कॅराव्हॅन करणं हा बदल आरसीवर चढवावा लागतो, त्याचं मानक एआयएस-१२४ आहे. गाडी केए २३ ची असेल तर काम कोल्हापुरात झालं तरी मंजुरी चिकोडीच्या आरटीओची. प्लाय मारायच्या आधी तिथं चौकशी करा. भीमगडच्या आणि दांडेली-जोयडाच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. तिथल्या होमस्टेच्या अंगणात गाडी लावा, खरं तिथं झाडी दाट, ऊन मिळणार नाही असं धरूनच बॅटरी भरून जा.

सगळं बसलं की शंटवाला, म्हणजे बॅटरीत आलेली-गेलेली वीज मोजणारा, बॅटरी मॉनिटर लावा. नुसतं व्होल्टेज बघून लिथियमचा अंदाज येत नाही, ती ८० टक्क्यांवर आणि ३० टक्क्यांवर जवळजवळ सारखीच दिसते. लांब जायच्या आधी निपाणीतच, दारात गाडी लावून, दोन रात्री आत झोपा. घरात पाऊल नाही, वायर नाही. रोज संध्याकाळी आणि पहाटे मॉनिटरचे आकडे वहीत लिहा. सीपॅप आणि फ्रिजचे खरे आकडे तुमच्या यादीतल्याशी ताडून बघा आणि मला कळवा, त्यावरून जांबोटीचा हिशेब पक्का करून देतो.

तूर्तास वर्कशॉपमध्ये जाल तेव्हा तीन मापं घ्या: एसीची जागा सोडून टपाची मोकळी लांबी, वाक सोडून सपाट रुंदी आणि बॅटरीच्या जागेपासून इन्व्हर्टरच्या जागेपर्यंत केबल जाईल ते अंतर. आतून प्लाय मारायच्या आधी सगळ्या वायरींचे मार्ग फोटोत घेऊन ठेवा. दुकानदाराला ट्युब्युलरचा अॅडव्हान्स अजून दिला नसेल तर देऊ नका.